फळकुटावरची रेघ

सरळच सांगून टाकते. मागच्या अंगणातला मांडव पडला तो माझ्यामुळे, आणि आठ दिवस मी त्याचं खापर माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर फुटू दिलं. कुणी विचारलं नाही म्हणून गप्प बसले, असं म्हणायचीही सोय नाही. विचारलं होतं. मी खोटं बोलले होते.

मांडव हा त्यांचा शब्द. मी पर्गोला म्हणायचे, कारण मासिकातल्या फोटोखाली तसं छापलं होतं. सासऱ्यांनी तो फोटो चष्मा वरखाली करून बघितला आणि विचारलं, याचं छप्पर कुठंय? मी म्हटलं, नसतंच ते. चार खांब, दोन तुळया, वर आडव्या पट्ट्या, बस. यावर ते म्हणाले, म्हणजे सुतार अर्ध्यावर पळून गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला उठले, तर सासरे अंगणात टेप घेऊन वाकलेले.

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, मग गुडघा गेला, मग हळूहळू कामं गेली, आणि गेल्या दीड वर्षापासून गोष्टी डोक्यातून निसटायला लागल्या. फार नाही. गॅस बंद केला का, मोटर बंद केली का, गोळी घेतली का, एवढंच. माझा नवरा औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मी घरीच पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवते. मशीन मधल्या खोलीत आहे. त्यामुळे दिवसभर घरात सासरे आणि मी, आमचं दोघांचंच राज्य.

विसरण्यावर इलाज त्यांनी स्वतःच काढला होता. सागाचं वीतभर रुंदीचं एक फळकूट रंधून घेतलं, स्वयंपाकघराच्या दाराला टांगलं आणि दोरीनं निळी पेन्सिल बांधून ठेवली. डावीकडे कामांची नावं, पुढे वारांचे रकाने. काम झालं की रेघ. दर रविवारी पॉलिशपेपर मारून फळकूट कोरं करायचे आणि नवा आठवडा सुरू.

आता यात मी कुठे आले, तर स्वतःच्या डोक्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता आणि माझ्यावर होता. दारात उभं राहून विचारायचे, "झालं?" मी मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "झालं." माझा शब्द पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत रेघ मारलेली असायची. उठून बघायला ते एकदाही गेले नाहीत. मला त्याचं काही विशेष वाटायचं नाही. उलट दिवसातून वीस वेळा ते "झालं?" ऐकून कधी कधी डोक्यात तिडीक जायची.

मागचं अंगण पश्चिमेला आहे. दुपारी बारानंतर फरशीवर अनवाणी पाय ठेवायची टाप नाही. धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळून कडक होते. आणि वर्षातले चार महिने वाऱ्याचा काही नेम नसतो. सकाळी पान हलत नाही, आणि दुपारी कुणाच्या तरी घराचा पत्रा तिसऱ्याच्या अंगणात. म्हणून सासऱ्यांनी मांडवाला अशी काही तयारी केली की, मी म्हटलं, यावर काय विमान उतरवणार आहात का. कंबरेइतके खोल चार खड्डे, त्यात काँक्रीट, काँक्रीटमध्ये लोखंडी बूट आणि बुटात खांब. सात दिवस काँक्रीटला दोन वेळा पाणी. फळकुटावर "पाणी" अशी नवी ओळ आली. गुडघ्यामुळे शिडी चढायची बंदी होती, म्हणून वरचे नटबोल्ट मी आवळले. खालून ते पाना कसा धरायचा ते सांगायचे आणि विचारायचे, "बसला?" मी म्हणायचे, "बसला." चोवीस बोल्ट, चोवीस रेघा. तीस नट आणले होते. तीन माझ्या हातून मोरीच्या जाळीत पडले, तीन उरले. ते त्यांनी शर्टाच्या खिशात टाकले, अडीअडचणीला असू देत म्हणून.

त्या तीन आठवड्यांत ते काही म्हणजे काही विसरले नाहीत. कानावर पेन्सिल, कपाळावर घाम, आणि तोंडानं गुणगुणणं चालू. सासूबाई गेल्यापासून ते गुणगुणणं मी ऐकलं नव्हतं. पट्ट्या चार बोटं सोडून बसवल्या. मी म्हटलं, जवळ जवळ बसवा की, सावली जास्त पडेल. तर म्हणाले, वाऱ्याला जायला वाट ठेवायची, मग तो आपल्या वाटेला जात नाही.

मांडव उभा राहिला तेव्हा शेजारच्या निवृत्त नर्सबाई मुद्दाम बघायला आल्या. नवऱ्यानं खांबाला खांदा लावून ढकलून बघितलं आणि स्वतःच मागे सरकला. सासऱ्यांनी खाली वेताची खुर्ची टाकली. रोज चारच्या चहाला तिथे.

पण सावली पट्ट्यापट्ट्यांची पडायची आणि मला हवी होती सलग. माझ्याकडे एका दुकानाच्या कनातीचं जाड कापड उरलं होतं. मी मांडवाच्या मापाचं कव्हर शिवलं. कडेला दुहेरी दुमड, तिहेरी शिलाई, चहूबाजूंनी दोरी ओवायला पितळी आयलेट. बारा ठिकाणी दोरीनं बांधलं. दिसायला इतकं देखणं की माझी मीच दोनदा फोटो काढला.

सासऱ्यांना ते पटलं नाही. कापडाला खालून हात लावून म्हणाले, "पोरी, हे शीड झालं. याच्याखाली होडी असती तर गोष्ट वेगळी." मी तोंड पाडलं. माझं तोंड पडलं की ते विरघळतात, हे मला पक्कं माहीत होतं. शेवटी अट घातली: ऊन असेल तेव्हा कापड, वाऱ्याचं चिन्ह दिसलं की लगेच काढायचं. फळकुटावर "कापड" अशी ओळ आली. बारा गाठी सोडायला वीस मिनिटं लागायची, तीही शिडीवर चढून. पहिल्या आठवड्यात मी हौसेनं काढलं. दुसऱ्या आठवड्यात जिवावर आलं. तीनदा मोबाइलवर वादळाचा इशारा आला, तीनदा कापड उतरवलं आणि तीनदा साधी झुळूकही आली नाही.

तो शनिवार. एका दवाखान्याचे अठरा पडदे संध्याकाळी द्यायचे होते आणि माझे सहा बाकी होते. त्यात मशीनची सुई तुटली. अकरा वाजता सासरे दारात येऊन म्हणाले, हवा बरी वाटत नाही, कापड काढ. मी म्हटलं, काढते. बाराला परत आले. मी म्हटलं, हो बाबा, हातातलं एवढं संपवते. एक वाजता परत. बाहेर लख्ख ऊन. मी खिडकीतून बघितलंसुद्धा, आकाशात एक ढग नाही.

"कापड काढलं?"

"काढलं हो बाबा, काढलं."

अशी वेळ मारून नेली. मनात होतं, हा पडदा झाला की काढेन. मागे दोरीला बांधलेल्या पेन्सिलीचा फळकुटावर टेकल्याचा आवाज आला. मी पुढचा पडदा घेतला आणि तो विषय माझ्या डोक्यातून गेला. घरात विसरतं कोण म्हणाल तर बघा.

पावणेचारला उजेड एकदम पिवळा झाला. मग गल्लीतले सगळे दरवाजे एकामागून एक आपटले. मी खिडक्या लावायला धावले. सासरे आतच होते, कारण त्यांना चष्मा सापडत नव्हता. चष्मा कपाळावर होता. मी सांगणारच होते, तेवढ्यात मागून असा आवाज आला की मी खालीच बसले.

दहा मिनिटांत सगळं शांत. मागचं दार उघडलं. कापडानं वारा पोटात घेतला होता आणि सगळा वरचा भाग उचलून उलटा टाकला होता. बूट जागच्या जागी, खांबांचे बुंधे जागच्या जागी, आणि वरून तुळया आणि पट्ट्या उपटून वेताच्या खुर्चीवर. खुर्चीचा चुरा. माझी शिलाई मात्र एका टाक्यानंही उसवली नव्हती. ती फाटली असती तर मांडव वाचला असता. इतकी वर्षं मी माझ्या शिलाईचा तोरा मिरवला, त्याचं हे फळ.

मी काय केलं ते सांगते. सासरे आत भिंतीला धरून उभे होते. त्यांच्याजवळ जायचं सोडून मी कात्री घेतली, बाराच्या बारा दोऱ्या कापल्या, कापडाचा बोळा केला आणि मशीनच्या खालच्या कपाटात कोंबला. मग त्यांना पाणी दिलं. हात आपोआप चालले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण आपोआप चालणारे हात दोऱ्यांचे तुकडे वेचत बसत नाहीत. मी तेही वेचले होते.

संध्याकाळी नवरा आला. आधी खुर्चीकडे बघितलं, मग बापाकडे, आणि त्याचा चेहराच उतरला. आज बाबा चारला तिथे बसले असते तर, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, पाना दिला तर उलटा धरेल. त्यानं विचारलं, बाबा, वरचे बोल्ट सगळे आवळले होते ना? सासऱ्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी तीन नट बाहेर काढले आणि तळहातावर ठेवून बघत राहिले.

"हे राहिले की काय माझ्याकडून?" ते म्हणाले.

ते तीन नट कुठले, हे त्या घरात आता फक्त मला आठवत होतं. बोलायचं होतं तर तेव्हाच. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांच्या मागे दारावर फळकूट होतं, शनिवारच्या रकान्यात "कापड"पुढे निळी रेघ होती, आणि मी ते मिटून घेतलं. नवरा हळू आवाजात म्हणाला, जाऊ दे बाबा, वयापरत्वे होतं. त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजानं ते खचले.

दुसऱ्या दिवशी रविवार असून फळकुटाला पॉलिशपेपर लागला नाही. सोमवारी पेन्सिल लागली नाही. "झालं?" विचारणं बंद झालं, आणि दिवसातून वीस वेळा त्याचा राग करणारी मी कान टवकारून बसू लागले. ते गॅसला हात लावेनात. चहा हवा असेल तर मशीनजवळ येऊन उभे राहायचे, मी वर बघेपर्यंत. गोळी मी हातावर ठेवली की घ्यायची, नाही ठेवली तर नाही. अंगणाचं दार उघडायचेच नाहीत. बुधवारी त्यांनी मला विचारलं, मी आंघोळ केली का गं? केस ओले होते त्यांचे. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मग तोंड पुसून बाहेर आले आणि हसून म्हटलं, केलीत की. सांगायचं ते त्याही दिवशी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज. आणि रोज एखादा पडदा आडवा यायचा.

गुरुवारी नवऱ्यानं ठरवलं की हत्यारं घरात नकोत. उद्या करवतीनं बोट कापून घेतील. ओळखीतल्या एका सुताराला पेटी द्यायची, तो रविवारी सकाळी न्यायला येईल. सासऱ्यांनी वादही घातला नाही. पेटीची किल्ली काढून मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, बरोबर आहे तुझं.

रविवारी सकाळी ते पेटी उघडून बसले. एकेक पटाशी तेलाच्या फडक्यानं पुसत होते, कागदात गुंडाळत होते. मला समोर बसवलं. म्हणाले, त्याला नीट सांग, ही पटाशी बारीक कामाची आहे, हिला हातोडीनं मारायचं नाही. हा रंधा डावीकडे ओढतो, धरताना संभाळायचा. तूच सांग, मला विसरायला होईल.

एवढ्या वाक्यानं माझं सगळं उसनं अवसान गळालं.

"बाबा, तुम्ही काही विसरला नव्हता," मी म्हटलं. "कापड मी काढलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. मांडव माझ्या कापडानं पाडला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मायेनं हसले. पटाशी खाली ठेवून उठले, दारावरचं फळकूट काढून आणलं आणि शनिवारच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ही बघ रेघ. तू काढलं होतंस," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलूस पोरी. तू कधी बोलत नाहीस."

कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी शपथा घेतल्या, ते मान हलवत राहिले. रेघ त्यांच्या हातची होती, आणि ती माझ्या शब्दावर मारलेली होती, म्हणजे तिच्यापुढे आता माझाच शब्द चालेना. शेवटी मी उठले आणि मशीनखालच्या कपाटातून तो बोळा ओढून काढला.

कापड जमिनीवर पसरलं. एका आयलेटमध्ये दोरीची गाठ तशीच होती आणि गाठीत पट्टीचा एक तुकडा अडकला होता, टीचभर. सासऱ्यांनी तो सोडवला. त्याची कड गोल घासलेली होती. पट्ट्यांच्या कडा त्यांनीच एकेक करून घासल्या होत्या, हाताला लागू नयेत म्हणून. ते मागचं दार उघडून बाहेर गेले. आठ दिवसांत पहिल्यांदा. भिंतीशी रचलेल्या लाकडातून एक मोडकी पट्टी शोधली आणि तुकडा लावून बघितला. बसला. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि तुळईचं टोक उलटं केलं. लाकूड फाटून खांबाचा ढलपा निघून आला होता, आणि त्या ढलप्यात बोल्ट होता, बोल्टवर नट होता. त्यांनी नट बोटांनी फिरवून बघितला. हलला नाही. दुसऱ्या टोकाचा बघितला. मग तिसरा. मी दारात उभी होते. एक एक करत त्यांनी चोवीसही बोल्ट बघितले.

"म्हणजे घट्ट होते," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच.

तेवढ्यात नवरा उठून आला. मी त्यालाही सगळं सांगितलं, कात्री आणि दोऱ्यांच्या तुकड्यांसकट. त्यानं जमिनीवर पसरलेल्या कापडाकडे बघितलं. मग म्हणाला, आठ दिवस? आठ दिवस तू बघत होतीस? दारात तो सुतार हातगाडी घेऊन हजर झाला. सासऱ्यांनी त्याला सांगितलं की हत्यारं मिळणार नाहीत, पण आलाच आहेस तर ही तुळई जरा सरळ करू लाग. बिचारा दुपारपर्यंत अडकला.

मांडव परत उभा आहे. पट्ट्या चार बोटं सोडून, वर आभाळ. त्या कापडाच्या मी पिशव्या शिवल्या, फुकट वाटून टाकल्या. सासरे मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. शेजारच्या नर्सबाईंनी विचारलं, मिस्त्री, पडला कसा हो? तर म्हणाले, कापड राहिलं होतं वर. कुणाचं, कुणाकडून, काही नाही. फळकूट कोरं करून पुन्हा दाराला टांगलंय. पेन्सिल नवी आहे. गुणगुणणंही परत आलंय, कधी कधी.

आणि "झालं?" परत आलंय. दिवसातून वीस वेळा. मी आता हातातलं काम टाकते, जाऊन ते करते, परत येते आणि मगच म्हणते, "झालं बाबा." ते मान डोलावतात. पेन्सिल हातात घेतात, आणि रेघ न मारता कानावर ठेवतात. गुडघ्यावर तळवा टेकून उठतात आणि स्वतः बघायला येतात. गॅस बंद असतो. दार लावलेलं असतं. ते गॅसच्या बटणाला बोट लावतात, मग परत जाऊन रेघ मारतात. यात मला टोचावं असा त्यांचा हेतू नसतो, हे मला ठाऊक आहे. त्यांना फक्त खात्री हवी असते, आणि ती आता माझ्याकडे मिळत नाही. गुडघा दुखतो त्यांचा, ओट्यापर्यंत यायला वेळ लागतो. मी बाजूला सरकते आणि त्यांना वाट देते.